वाचकांचे प्रश्न : लिहिणाऱ्यांची बैठक

गेल्या अंकात गावोगावच्या लेखकमंडळांबद्दल प्रश्न मागवले होते. बरीचशी पत्रं वऱ्हाडातून आली, काही वर्धा-चंद्रपूरकडून, दोन थेट झाडीपट्टीतून, म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या जंगलपट्ट्यातून. नावं मुद्दाम गाळली आहेत. मंडळं लहान असतात, आणि कोण कोणाबद्दल लिहितंय हे चहा संपायच्या आत गावाला कळतं.

प्रश्न : आमच्या मंडळात चौदा जण आहेत. बाजाराच्या दिवशी सगळे तालुक्याला येतात म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याच दिवशी वाचनालयात दोन तास बसतो. पण कवी मंडळी एकामागून एक कविता काढतात आणि कथा लिहिणाऱ्याचा नंबर लागेपर्यंत लोकांना एसटीची घाई होते. काय करावं? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी घड्याळ धरून हिशेब करा. मोठ्यानं, समजेल अशा बेतानं वाचलं तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. दोन हजार शब्दांच्या कथेला अठरा-वीस मिनिटं लागतात, आणि त्यावर बोलायला तेवढीच. म्हणजे एका कथेची चाळीस मिनिटं. कविता दोनदा वाचावी लागते, एकदा ऐकून ती हाती येत नाही. वाचन नि बोलणं मिळून बारा मिनिटं धरा. लोक जमून स्थिरस्थावर व्हायला दहा मिनिटं जातात, शेवटी उठाउठीत दहा. उरली शंभर. त्यात एक कथा आणि तीन कविता बसतात, आणि वीस-पंचवीस मिनिटं हाताशी राहतात. याहून जास्त घेतलं की ते वाचन राहत नाही, कविसंमेलन होतं. संमेलनाला आमचा विरोध नाही, पण ते वेगळ्या दिवशी करा.

बैठकीला चार जण वाचणार असतील तर चौदा जणांत प्रत्येकाची पाळी साधारण चौथ्या बैठकीला येते. पाळीचा कागद वाचनालयाच्या भिंतीवर लावा. ज्याची पाळी त्यानं आणलं नाही तर पाळी गेली. ती उसनी देता येत नाही. गद्य नेहमी आधी घ्या. कविता शेवटी ठेवली तर कवी थांबतात, कथा शेवटी ठेवली तर कोणीच थांबत नाही.

सगळ्यांत मोठा फरक मात्र झेरॉक्सनं पडतो. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसेल तर तो आवाजावर मत देतो, लिखाणावर नाही. गोड गळ्याचा माणूस सुमार कविता तारून नेतो आणि मान खाली घालून वाचणाऱ्याची चांगली कथा बुडते. दोघांत एक प्रत पुरते. सहा पानांची कथा, सात प्रती, पानाला दोन रुपये धरले तर चौऱ्याऐंशी रुपये होतात. हा खर्च मंडळाच्या वर्गणीतून करा, लेखकाच्या खिशातून नको. नाहीतर लांब लिहिणारा आपोआप गप्प होतो. प्रतीवर दर पाचव्या ओळीला समासात आकडा टाका. बोलणारा मग 'ते मधात कुठंतरी' असं न म्हणता 'दुसरं पान, पंधरावी ओळ' म्हणतो. वाचून झालं की प्रती, त्यावरच्या खुणांसकट, लेखकाला परत करायच्या.

प्रश्न : आमच्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर 'वा, काय लिहिलं', नाहीतर एखादा ज्येष्ठ सदस्य अशी झोड उठवतो की माणूस पुन्हा येत नाही. एक ताई चांगल्या कथा लिहायच्या, त्यांनी येणं बंद केलं. टीका करूच नये का? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : करावी, पण तिला क्रम असावा. बऱ्याच ठिकाणी टिकलेली पद्धत अशी. लेखकानं वाचायचं आणि पुढचा अर्धा वेळ तोंड उघडायचं नाही. हे जड जातं, पण यातच सगळं आहे. लेखक बोलू लागला की 'मला असं म्हणायचं होतं' सुरू होतं, आणि कागदावर जे आलं नाही ते तोंडानं भरलं जातं. अंकात छापून आल्यावर समजावून सांगायला तो वाचकाच्या घरी जाणार आहे का?

पहिली फेरी फक्त सांगण्याची असते : काय घडलं, कोणाचं घडलं, कुठं घडलं. मत नाही. ही फेरी फुकट वाटते, पण तीच जास्त कामाची. पाचांपैकी तिघांना सून माहेरी का गेली हे कळलंच नसेल तर लेखकाला त्याच क्षणी उमजतं की तो परिच्छेद त्याच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं एक जागा दाखवायची जिथं लिखाण धरून ठेवतं आणि एक जिथं ते सुटतं, ओळीच्या आकड्यासह. मग लेखकाचे प्रश्न. शेवटी, उरलं तर, इतर बोलणं.

बोलायची सुरुवात सगळ्यांत नव्या सदस्यापासून करा आणि ज्येष्ठांना सर्वांत शेवटी ठेवा. उलट केलं की पहिला जे म्हणतो त्याचीच री बाकीचे ओढतात, आणि सरांच्या समोर सरांचा माजी विद्यार्थी वेगळं बोलेल ही अपेक्षा करूच नये.

आता टीका कशी असावी, याचा नमुना. समजा कथेत वाक्य आहे : 'त्याच्या डोळ्यांत कर्जाचं ओझं स्पष्ट दिसत होतं.' यावर 'भाषा अलंकारिक झाली' म्हटलं तर लेखकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं म्हणता येतं : 'दुसऱ्या पानावर हा माणूस कापूस विकून येतो. किती क्विंटल, भाव काय लागला, पैसे हातात पडले की व्यापाऱ्यानं पुढची तारीख दिली, काहीच नाही. तिसऱ्या पानावर तो सावकाराच्या दारात उभा आहे. मधला हिशेब दिला तर डोळ्यांतलं ओझं लिहावंच लागणार नाही.' ही टीका कडक आहे, तरी ती ऐकून कोणी घरी बसत नाही, कारण ती कथेबद्दल आहे.

खेड्यातल्या मंडळाकडे एक गोष्ट अशी आहे जी शहरातल्या संपादकाकडे सहसा नसते. जूनच्या पेरणीत बोंडं फुटलेली दाखवली, पेरायच्या तिफणीच्या जागी तण काढायचा डवरा आला, दिवाळीआधीच तुरीच्या शेंगा वाळल्या, तर बसल्या जागी चार जण अडवतात. हे अडवणं हक्कानं करा. अशी चूक छापली गेली तर गावाकडचा वाचक त्या ओळीपाशीच पुस्तक मिटतो.

चार गोष्टी बैठकीत नकोत : लेखकाच्या घरच्यांवर बोलणं, 'ही तुमचीच गोष्ट ना?' असं विचारणं, दुसऱ्याची कथा आपल्या मनासारखी पुन्हा रचून सांगणं, आणि न मागता शुद्धलेखन तपासणं. बायका गळतात त्या बहुतेक दुसऱ्या गोष्टीमुळे. कथेतल्या बाईनं नवऱ्याविरुद्ध एक वाक्य उच्चारलं की सगळ्यांच्या माना लेखिकेकडे वळतात. अध्यक्षानं तिथल्या तिथं थांबवायला हवं. बैठक संपल्यावर समजूत घालायला जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी वऱ्हाडीत लिहितो. मंडळातले दोन मास्तर माझं सगळं 'शुद्ध' करून देतात. 'मले'चं 'मला' होते, 'गेल्ता'चं 'गेला होता' होते. दुसरे म्हणतात, अजून ठसठशीत वऱ्हाडी पाहिजे. मी कोणाचं ऐकू? (ता. बाळापूर, जि. अकोला)

उत्तर : मास्तरांना नम्रपणे सांगा की साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. तो वाद तिथं मिटतो. दुसऱ्यांचं ऐकण्याआधी मात्र थोडं थांबा.

बोलीला ठरलेलं शुद्धलेखन नाही, म्हणून ते तुम्हालाच ठरवावं लागतं आणि एकदा ठरवलं की पाळावं लागतं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे प्रमाण रूप, उजवीकडे तुम्ही लिहाल ते. मला : मले. तुझ्या : तुह्या. गेला होता : गेल्ता. सांगतो आहेस : सांगून राह्यला. विचार : इचार. तीस-चाळीस शब्दांत बहुतेक काम होतं. बैठकीत एकाला तेवढंच काम द्या : हे पान समोर ठेवून कथा तपासायची. सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच, की एकच म्हातारी दुसऱ्या पानावर 'मले' म्हणते आणि पाचव्यावर 'मला'.

प्रत्येक उच्चार कागदावर उतरवायचा हट्ट करू नका. वऱ्हाडीत 'ळ'चा बऱ्याच जागी 'य' होतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. बोलताना कोणी अडखळत नाही, पण छापील ओळीत 'काया' दिसलं की वाचक आधी शरीराकडे जातो. 'माझ्या'साठी 'माया' लिहिलं तर तो ममतेकडे जातो. म्हणून 'माह्या' बरं. आमचं मत असं की क्रियापदं, विभक्ती आणि शब्द वऱ्हाडी ठेवावेत, आणि ध्वनी जिथं अर्थ बिघडवत नाही तिथंच उतरवावेत. 'मले कायले सांगून राह्यला बे? तुह्या बापाले इचार.' या दोन वाक्यांत बोली पुरी उभी आहे. एकही 'ळ' मोडावा लागला नाही.

दुसरं, कोण बोलतंय ते पाहा. तोच माणूस बायकोशी एक बोलतो, तलाठ्याशी दुसरं आणि बँकेच्या साहेबासमोर तिसरंच, अर्धं छापील. सगळीकडे सारखी ठसठशीत वऱ्हाडी घातली तर पात्र खोटं वाटतं, आणि नको तिथं विनोदी होतं. निवेदन प्रमाण ठेवायचं की वऱ्हाडीतच करायचं, दोन्ही चालतं. मात्र पहिल्या पानावर जे धराल ते शेवटपर्यंत. शिवाय मलकापूरची बोली वेगळी, वणीची वेगळी. 'आमच्याकडे असं नाही म्हणत' हा आक्षेप चूक नाही, फक्त तुमच्या कथेचं गाव कोणतं एवढं विचारून घ्या.

तपासायची पक्की रीत : तुमची कथा तुम्ही वाचू नका, दुसऱ्याला पहिल्यांदाच हातात देऊन वाचायला लावा. जीभ जिथं अडेल तिथं पेन्सिलीनं टिंब करा. त्या जागी बोली चुकलेली नसते, लिहिण्याची रीत चुकलेली असते.

प्रश्न : अभंग लिहिते. मंडळात म्हणतात, 'चालीवर बसत नाही.' कुठं बसत नाही ते कोणी सांगत नाही. (ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : चाल सोडा, अक्षरं मोजा. मोठ्या अभंगात चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. ही ओळ पाहा :

पेरणीच्या दिवशी / आभाळ कोरडे / जमिनीला तडे / पडलेले

बोटं घातली तर पहिल्या चरणात सात भरतात : पे-र-णी-च्या-दि-व-शी. बाकीचे तीन बरोबर आहेत. गाताना गळा ते एक अक्षर गिळतो म्हणून घरी चूक कळत नाही, दुसऱ्यानं वाचलं की ठेच लागते. 'दिशी' केलं की सहा होतात, आणि शब्दही तोंडातलाच आहे. लहान अभंगात दोनच चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, यमक शेवटी. मंडळाला सांगा, 'बसत नाही' म्हणायचं असेल तर चरण आणि आकडा सांगून म्हणा. गझल किंवा अक्षरगणवृत्त असेल तर लघू-गुरूचा क्रम पाहावा लागतो. तो हिशेब वेगळा, एका उत्तरात मावणारा नाही.

प्रश्न : मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली कविता चार दिवसांत दुसऱ्याच्या नावानं परत आली. शिवाय डीटीपीवाल्यानं दिलेली फाइल ग्रुपवर टाकली तर कोणालाच वाचता येत नाही, सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसतात. (ता. कारंजा, जि. वाशीम)

उत्तर : दुसरं आधी. डीटीपीच्या दुकानात अजूनही श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटांत टायपिंग चालतं. तो फाँट ज्याच्याकडे नाही त्याला खिचडी दिसते. दुकानात जातानाच सांगा : मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि सोबत पीडीएफ हवी. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला तर रफार, 'ऱ्या', 'श्र', 'ॲ' आणि ऱ्हस्व वेलांटी या जागा डोळ्यांत तेल घालून तपासा; मोडतोड तिथं होते. मोबाइलवर बोलून टाइप करणाऱ्यांनी बोली पुन्हा वाचावी, कारण यंत्र 'मले'चं काहीही करतं.

कविता थेट संदेशात टाकली की खालचं नाव कापून पुढं पाठवणं एका बोटाचं काम आहे. पीडीएफ करून प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव आणि तारीख टाका. ओळी मोडण्याचा त्रासही त्यानं वाचतो. अरुंद पडद्यावर लांब ओळ दुमडते आणि वाचणाऱ्याला ती कवितेचीच रचना वाटते. हक्काचं म्हणाल तर तो लिहिल्या क्षणापासून तुमचाच आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीत व पुढं साठ वर्षं राहतो. तारखेचा पुरावा म्हणून मजकूर स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवला तर वाद झाल्यास दाखवता येतो.

एक सावधगिरी : बरेच दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि फेसबुकवर टाकलेलं अनेक संपादक प्रकाशित धरतात. जे अंकाला पाठवायचं ते मंडळात कागदावर वाचा, बाहेर टाकू नका. दिवाळी अंकांचा मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागितला जातो. आपल्याकडे जून-जुलै पेरणी-डवरणीत जातात, म्हणजे अंकासाठीची कथा मे महिन्यातच मंडळात वाचून झाली पाहिजे. पावसाळ्यात हजेरी निम्मी होते ती मंडळ मोडलं म्हणून नव्हे. त्या दोन महिन्यांत बैठक महिन्यातून एकदाच ठेवा.

प्रश्न : चौदा सदस्यांचा प्रातिनिधिक संग्रह काढायचा आहे. एका प्रकाशकानं प्रत्येकाकडून पैसे मागितले, त्यात 'आयएसबीएनचा खर्च' वेगळा धरला. बरोबर आहे का? (ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : आयएसबीएन आपल्या देशात विनाशुल्क मिळतो. राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो ऑनलाइन अर्जावर देते, लेखक स्वतः प्रकाशक असेल तरी. कोणी अर्ज भरायची मजुरी घेतली तर तसं स्पष्ट म्हणावं. तो तेरा आकडी क्रमांक पुस्तकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही, हेही सदस्यांना आधीच सांगा.

पानांचा हिशेब स्वतः करून जा. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मांत छापलं जातं. चौदा जणांना सहा-सहा पानं म्हणजे चौऱ्याऐंशी; सुरुवातीची नाव, श्रेय, मनोगत, अनुक्रम अशी आठ; झाली ब्याण्णव. सहा फॉर्मांत शहाण्णव बसतात, चार पानं लेखकपरिचयाला उरतात. तेच कोणी 'माझी आणखी एक' म्हणत पाच पानं वाढवली की सातवा फॉर्म उघडतो आणि सगळ्यांचा खर्च चढतो. लेखी घ्यायच्या गोष्टी : एकूण प्रती, प्रत्येक लेखकाला किती, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), बांधणी शिवून की नुसती चिकटवून, मुद्रितं (प्रूफं) किती वेळा दाखवणार, आणि हक्क लेखकांकडेच राहणार असं एक वाक्य. मुद्रित आपलं आपण कधीच तपासू नये. जोड्या लावून एकमेकांचं तपासा. छापून झाल्यावर 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची जबाबदारी प्रकाशकाची असते.

प्रश्न : झाडीपट्टीसाठी नाटक लिहितो. मंडळात वाचायला घेतलं की दीड तासात पहिला अंकही होत नाही. (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : रात्रभर चालणारं नाटक एका बैठकीत वाचायला घेऊच नका. एकच प्रवेश आणा, मागचं चार ओळींत सांगा. पात्रं सदस्यांत वाटा, रंगसूचना एकानं वाचाव्यात, आणि लेखकानं काहीच वाचू नये. त्यानं घड्याळ नि पेन्सिल घेऊन बसावं. तीन गोष्टी अशा वाचनात सापडतात. एक, रंगमंचावर आलेलं आणि मग चार पानं गप्प उभं असलेलं पात्र. दोन, वेश बदलायला वेळच न ठेवता लगेच पुढच्या प्रवेशात आणलेला नट; मधे गाणं किंवा विनोदी जोडीचा तुकडा घालून हे निभावतं, पण तो तुकडा नेमका कुठं हे वाचनातच कळतं. तीन, सगळ्यांची सारखी भाषा. पाटील, मास्तर आणि गुराखी यांची वाक्यं नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही तर पुन्हा लिहा. 'पानी'चं 'पाणी' करून झाडीबोली सुधारायला निघालेल्यांना वर बाळापूरकरांना दिलेलं उत्तर दाखवा.

प्रश्न : संध्याकाळच्या बैठकीला महिला येऊ शकत नाहीत. (दोन पत्रं, जि. बुलढाणा आणि जि. भंडारा)

उत्तर : मग वेळ त्यांना विचारून ठरवा, त्यांच्यासाठी आपण ठरवू नका. निंदणी-वेचणीला जाणाऱ्यांची सोय आणि शाळा-अंगणवाडीत काम करणाऱ्यांची सोय एक नसते. एक आड एक बैठक रविवारी दुपारी घेतली तर बऱ्याच ठिकाणी जमतं. जागा अशी हवी की ये-जा करताना कोणाला कारण सांगावं लागू नये. वाचनालय किंवा शाळेचा वर्ग चालतो, कोणाचं दुकान किंवा घराची माडी नाही. जी येऊच शकत नाही तिनं प्रती पाठवाव्यात, दुसरीनं वाचाव्यात, आणि खुणा केलेल्या प्रती दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पोचाव्यात.

प्रश्न : मंडळाची नोंदणी करावी का? (ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर : नुसतं वाचत असाल तर गरज नाही. अनुदान, बँक खातं, देणग्या यांचा विषय आला की करावी लागते. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. पुढं दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो आणि बदललेली कार्यकारिणी कळवावी लागते. हे काम करायला तयार असलेला एक माणूस आधी शोधा. तो कवी नसला तर आणखी बरं.